नव्या घराला तळघर काढावं का? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

घराचा नकाशा हातात आला की पंधरा दिवसांत कुणीतरी घरातलंच विचारतं, "खाली तळघर काढलं तर?" मग तोच प्रश्न माझ्याकडे येतो. गेली काही वर्षं आलेले प्रश्न एकत्र केले आहेत. भाषा विचारणाऱ्यांची आहे, मी फक्त थोडी काटछाट केली. एकच मुद्दा दोन ठिकाणी येत असेल तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. तळघर नेमकं कशाला म्हणायचं? अर्धं जमिनीत आणि अर्धं वर असेल तर तेही तळघरच का?

ज्या मजल्याची फरशी आजूबाजूच्या जमिनीच्या खाली आहे, तो मजला तळघर. पूर्ण गाडलेलं असो की अर्धं, मातीचा रेटा सोसणारी भिंत दोन्हीकडे लागते.

मराठीत 'खोली' म्हणजे रूमही आणि खाली किती गेलो तेही. बरेच घोटाळे इथूनच सुरू होतात. घरमालकाला पहिली खोली हवी असते आणि इंजिनिअर दुसरीचा हिशोब करत असतो. हा हिशोब सरळ वाढत नाही. भिंत पाच फुटांऐवजी दहा फूट जमिनीत गेली तर तिच्यावरचा एकूण रेटा दुप्पट नव्हे, चौपट होतो. म्हणून फरशी चार फूट खाली ठेवून छत जमिनीच्या चार फूट वर काढता आलं, तर भिंत हलकी होते, वर खिडक्याही मिळतात. तळघर हवंच असलेल्या बहुतेकांना मी आधी हा पर्याय तपासायला सांगतो.

२. आम्हाला तळघराची गरज आहे की नुसती हौस, हे कसं ओळखायचं?

तिथे काय ठेवणार ते कागदावर लिहा. "सामान" एवढाच शब्द सुचत असेल तर तळघर नको. सामानासाठी वरच्या मजल्यावर एक कोठीची खोली काढणं स्वस्त पडतं आणि ते कोरडंही राहतं.

भक्कम कारणं मोजकीच आहेत. प्लॉट उतारावर आहे (प्रश्न ६). चांगली जमीन खोलवर आहे आणि पायासाठी तिथवर जावंच लागणार आहे. उंचीवर बंधन आहे म्हणून वर मजला चढवता येत नाही. किंवा मुद्दाम शांत, अंधारी, एकसारख्या तापमानाची जागा हवी आहे: वाद्यांचा सराव, ध्वनिमुद्रण, छोटी कार्यशाळा. थंड प्रदेशांत तळघरं इतकी का दिसतात, त्याचं उत्तरही यातच आहे. हिवाळ्यात जमीन वरून गोठत जाते, गोठलेली माती फुगते आणि उथळ पाया उचलते. त्यामुळे पाया गोठणाऱ्या थराच्या खाली न्यावाच लागतो. चार-पाच फूट खोदलंच आहे तर आणखी तेवढंच खोदून मजला काढणं तिथे परवडतं. जमीन गोठतच नाही अशा ठिकाणी हा फायदा मिळत नाही, आणि "तिकडे सगळ्यांकडे असतं" हे कारण इकडे चालत नाही.

३. आमचा प्लॉट तळघराला योग्य आहे का, हे खोदण्याआधी कसं कळेल?

माती परीक्षण करून. घर साधं असलं तरी निदान दोन ठिकाणी बोअर घ्या, आणि ते तळघराच्या नियोजित तळाच्या खाली आणखी काही मीटर जाऊ द्या. तळाशी येऊन थांबलेला बोअर तुमचं घर कशावर बसणार आहे ते सांगत नाही. अहवालात तीन गोष्टी शोधा: कोणत्या थराला काय लागलं, जमिनीची भार पेलण्याची क्षमता, आणि पाणी कुठे लागलं.

या तिसऱ्या आकड्यावर लगेच विश्वास ठेवू नका. बोअर कोरड्या महिन्यात घेतला असेल तर आकडाही कोरड्या महिन्याचाच आहे. त्याच बोअरमध्ये भोकं पाडलेला पीव्हीसी पाइप बसवून घ्या, वर झाकण लावा आणि एक पावसाळा जाऊ द्या. पाइप काही महाग नसतो. दर आठवड्याला दोरीला एक छोटी लोखंडी नळी उलटी बांधून आत सोडायची. नळी पाण्याला टेकली की 'डुब्' असा आवाज येतो. तिथे दोरीला चिमटा लावायचा, वर ओढून टेपने मोजायचं आणि तारखेसह वहीत लिहायचं. एका प्लॉटवर कोरड्यात साडेसहा मीटरवर असलेलं पाणी मुसळधार पावसाच्या तिसऱ्या दिवशी पावणेदोन मीटरवर आलेलं मी असंच मोजलं आहे. नकाशात तळघर तीन मीटर खोल होतं. घरमालकांनी नकाशा बदलला.

पाइपाशिवायही काही खुणा दिसतात. शेजारच्या कंपाउंड भिंतीच्या पायथ्याशी ओलीचा पट्टा, कोरड्या दिवसांतही हिरवं राहणारं गवत, जुन्या नकाशात दिसणारा आणि आता बुजवलेला ओढा. आसपास कुणाचं तळघर असेल तर ते भर पावसात बघायला जा.

४. आमच्या विहिरीचं पाणी साठ फूट खाली आहे. मग तळघरात पाणी येण्याचा प्रश्नच कुठे?

येतो, आणि सर्वांत जास्त लोक इथेच फसतात.

जमीन चिकण किंवा कातळाची असेल तर पाणी तिच्यात सहज मुरत नाही. तुम्ही तिच्यात मोठा खड्डा करता, मध्ये तळघराची पेटी ठेवता आणि चारही बाजूंची फट भरावाने भरता. हा भराव मूळ जमिनीपेक्षा पोकळ असतो. पाऊस पडला की अंगणातलं, गच्चीचं, वरच्या बाजूच्या प्लॉटचं पाणी या फटीत उतरतं आणि तिथेच साचतं, कारण बाहेर जायला वाट नसते. बादलीत डबा ठेवून बादलीत पाणी ओतल्यासारखं होतं. भूजल साठ फुटांवर असलं तरी तुमची भिंत पाण्यात उभी असते.

उपाय दोन, आणि दोन्ही करायचे. पहिला वरून: घराभोवतीची जमीन घरापासून बाहेर उतरती ठेवायची, गच्चीचे पाइप भिंतीच्या पायथ्याशी न सोडता लांब न्यायचे, भरावाच्या वरच्या फूटभरात दाबलेली चिकणमाती किंवा फरसबंदी करायची. दुसरा खालून: राफ्टच्या, म्हणजे तळघराखालच्या अखंड काँक्रीटच्या तळाच्या, पातळीला भिंतीच्या बाहेर सच्छिद्र पाइप, त्याभोवती खडी, खडीभोवती जिओटेक्स्टाइल कापड. कापड नसेल तर दोन-चार वर्षांत माती शिरून खडी बुजते. आणि हा पाइप कुठेतरी सुटला पाहिजे. उतारावर तो आपोआप सुटतो, सपाट प्लॉटवर पंपाच्या खड्ड्यात सोडावा लागतो (प्रश्न १३). नुसता गाडून ठेवलेला, कुठेच न सुटणारा पाइप मी एकदा उकरून पाहिला आहे. दोन्ही टोकांना बूच होतं.

५. खोदताना कातळ लागला, किंवा फुगणारी चिकणमाती निघाली, तर?

कातळावर घर छान बसतं, पण कातळात तळघर खोदणं म्हणजे ब्रेकर, वेळ, आवाज आणि शेजाऱ्यांच्या भिंतींना हादरे. चार फुटांवर अखंड कातळ असेल तर मी सरळ "नको" म्हणतो. भेगाळलेल्या कातळातून पाणीही येतं, आणि कोणत्या भेगेतून येईल हे आधी कळत नाही.

फुगणारी चिकणमाती ओली झाली की भिंतीला आत ढकलते, सुकली की आकसून भिंतीपासून सुटते, आणि त्या फटीतून पुढच्या पावसाचं पाणी थेट खाली जातं. तिथे खोदलेली माती भरावाला परत वापरायची नाही. भिंतीलगत मुरूम, वाळू किंवा खडी घालायची आणि इंजिनिअरला भिंत फुगवट्याचा दाब धरून डिझाइन करायला सांगायचं.

६. प्लॉट उतारावर आहे. मागची बाजू आठ फूट खाली आहे. काय करावं?

तळघर काढा. ज्यांना मी आनंदाने हो म्हणतो ते हेच प्लॉट. अशा जागी सपाट जोतं करायला खालच्या बाजूला आठ फूट भराव आणि तो अडवणारी भिंत लागतेच. त्याऐवजी ती जागा मजला म्हणून वापरली तर मागच्या बाजूने दरवाजा, खिडक्या, उजेड, वारा सगळं मिळतं. पाणीही उताराने निघून जातं, पंप लागत नाही. फक्त डोंगराकडची भिंत पूर्ण गांभीर्याने बांधा. डोंगरातून झिरपणारं पाणी तिच्याच पाठीवर येतं.

७. तळघरामुळे खर्च नेमका कुठे वाढतो? ठेकेदार तर चौरस फुटाचा एकच दर सांगतोय.

एकच दर सांगणाऱ्याला नंतर "हे त्यात नव्हतं" म्हणायचं असतं. मोजमाप करून बघा. पंचवीस बाय चाळीस, म्हणजे १००० चौरस फुटांचं आणि दहा फूट खोल तळघर कागदावर १०,००० घनफूट, म्हणजे सुमारे २८३ घनमीटर. पण भिंतीच्या बाहेरून सेंट्रिंग आणि वॉटरप्रूफिंग करायला माणूस उभा राहिला पाहिजे. चारही बाजूंनी तीन फूट सोडले की खड्डा एकतीस बाय शेहेचाळीस होतो आणि खोदाई ४०४ घनमीटरवर जाते. माती सुटी झाली की फुगते. पंचवीस टक्के धरले तर ५०५ घनमीटर, म्हणजे दहा घनमीटरच्या डंपरच्या पन्नास खेपा. माती भुसभुशीत असेल तर खड्ड्याच्या बाजू तिरक्या कापाव्या लागतात, मग आणखी वाढ.

त्यावर आरसीसी भिंती, जाड राफ्ट, वॉटरप्रूफिंग, पाणी उपसणं, पंप आणि पाऊस लागला तर थांबलेलं काम. बहुतेक ठिकाणी तळघराचा चौरस फूट वरच्या मजल्याच्या चौरस फुटापेक्षा महाग पडतो. दर मागताना खोदाई, माती वाहतूक, उपसा, आरसीसी, वॉटरप्रूफिंग आणि भराव या सहा ओळी वेगळ्या मागा. जी ओळ कोरी येईल तिथे पुढे भांडण होणार.

८. चांगलं वॉटरप्रूफिंग केलं की झालं ना?

"चांगलं" म्हणजे कोणतं, ते आधी ठरवू. ब्रिटिश मानक बीएस ८१०२ मध्ये जमिनीखालच्या बांधकामाचे तीन प्रकार सांगितले आहेत आणि ते कुठेही लागू पडतात. पहिला: भिंतीला आणि राफ्टला पडदा लावून पाणी अडवणं. दुसरा: काँक्रीटच इतकं दाट आणि सांधे इतके पक्के करणं की तेच पाणी अडवेल. तिसरा: थोडं पाणी येणार हे गृहीत धरून आतल्या बाजूला पोकळी ठेवणं आणि ते पंपाकडे नेणं. खाली माणसं राहणार असतील किंवा काही मौल्यवान ठेवायचं असेल तर यातले दोन एकत्र करा. एकावर भिस्त ठेवली आणि तो एक कुठे चुकला, तर पुढची दुरुस्ती दहा फूट मातीखाली असते.

पाणी काँक्रीटच्या मधोमध क्वचित येतं. ते येतं राफ्ट आणि भिंत जिथे मिळतात त्या सांध्यातून, दोन दिवसांच्या कामांमधल्या सांध्यातून, सेंट्रिंग बांधायला आरपार घातलेल्या सळ्यांच्या भोकांतून आणि पाइप भिंतीतून जातो तिथून. जुन्या तळघरात गेलात तर फरशी आणि भिंतीच्या कोपऱ्यात बोटभर रुंद पांढरी रेघ शोधा. नखाने खरवडली तर पिठासारखी निघते. तो सांध्यातून आलेल्या पाण्याने मागे ठेवलेला क्षार. म्हणून राफ्ट ओततानाच भिंतीची पहिली सहा इंच उंची त्याच्याबरोबर उचलायची आणि सांध्यात वॉटर स्टॉपर, म्हणजे पाणी अडवणारी पट्टी, घालायचा. मिस्त्री ही पट्टी खिळ्याने सळईला ठोकतो, तेव्हा तिथे उभे राहा. तिला पडलेलं भोक म्हणजे पाण्याला दिलेला दरवाजा.

आतून मारलेल्या लेपाबद्दल सारखी विचारणा होते. बाहेरून येणारं पाणी लेपाला भिंतीपासून ढकलून सोडवतं. तीन मीटर पाण्याखाली हा दाब दर चौरस मीटरला तीन टन असतो. आतून लावायचे वेगळे लेप मिळतात, पण नव्या घरात बाहेरची बाजू उघडी असताना आतून सुरुवात का करायची?

९. रिकामं तळघर पाण्यावर तरंगतं असं कुणीतरी सांगितलं. खरं की थाप?

खरं आहे. प्रश्न ७ मधलंच तळघर घ्या. क्षेत्रफळ ९३ चौरस मीटर. राफ्टच्या तळापासून पाणी दोन मीटर वर चढलं तर ते १८६ टनांनी वर ढकलतं. आता वजन मांडा. चाळीस सेंटिमीटर जाड राफ्ट सुमारे ९३ टन, पंचवीस सेंटिमीटर जाड आणि तीन मीटर उंच भिंती सुमारे ७४ टन. बेरीज १६७. म्हणजे स्लॅब पडण्याआधी पावसाळा आला आणि उपसा बंद केला तर पेटी उचलली जाऊ शकते. वर पंधरा सेंटिमीटरचा स्लॅब टाकला की आणखी ३५ टन येतात, तरीही बाजी जेमतेमच. पूर्ण घर उभं राहिलं की काळजी बरीच मिटते. म्हणून उपसा कधी बंद करायचा हे ठेकेदाराने नाही, इंजिनिअरने लेखी सांगायचं. काम अर्ध्यावर थांबणार असेल तर काही वेळा तळघरात मुद्दाम पाणी भरून ठेवतात. बघणाऱ्याला हा वेडेपणा वाटतो.

१०. भिंती झाल्या. बाहेरून माती कधी भरायची? खड्डा उघडा ठेवायला भीती वाटते.

भीती रास्त आहे, पण घाई जास्त धोक्याची. तळघराची भिंत बहुतेक वेळा खाली राफ्ट आणि वर स्लॅब या दोन्हीकडे टेकून उभी राहील असं धरून डिझाइन करतात. स्लॅब पडलेला नसताना माती भरली तर ती एका बाजूने मोकळी असते आणि आत झुकते. एका कामावर शनिवारी संध्याकाळी जेसीबी मोकळा आहे म्हणून भराव केला गेला. सोमवारी मी गेलो तेव्हा लांब भिंतीच्या मधोमध, साधारण छातीच्या उंचीवर, आडवी केसाएवढी चीर होती. ओळंबा लावला तर वरच्या बाजूला दीड इंच झोक. भराव काढला, भिंत पाडली. जेसीबीचं भाडं वाचवायला निघाले होते.

क्रम असा: भिंत, बाहेरचं वॉटरप्रूफिंग, त्याच्यावर संरक्षक शीट, वरचा स्लॅब पडून पुरेसा मुरला, मग भराव. तोही एक-एक फुटाच्या थरांत, चारही बाजूंनी सारखा. दगड ढकलून नाही, त्याने पडदा फाटतो.

११. कुठूनही गळत नाही, तरी भिंती ओल्या आणि वास येतो. वॉटरप्रूफिंग फसलं का?

बहुधा नाही. जमिनीखाली काही मीटरवर तापमान वर्षभर फारसं हलत नाही, त्यामुळे दमट दिवसांत तळघराच्या भिंती बाहेरच्या हवेपेक्षा गार असतात. हवा ३० अंशांची आणि आर्द्रता ८० टक्के असेल तर साधारण २६ अंशांखालच्या कोणत्याही पृष्ठभागावर दव धरतं. लोक "हवा खेळू दे" म्हणून खिडक्या उघडतात आणि आणखी दमट हवा आत घेतात.

खात्री करायला फूटभर लांब-रुंद, जाडसर प्लास्टिक चारही कडांनी टेप लावून भिंतीला चिकटवा आणि दोन दिवस ठेवा. थेंब प्लास्टिकच्या खोलीकडच्या बाजूला असतील तर ते हवेतलं पाणी. प्लास्टिकच्या मागे, भिंतीकडे असतील तर पाणी भिंतीतून येतंय, प्रश्न ८ वाचा. पहिल्या प्रकाराला डीह्युमिडिफायर (हवेतला ओलावा काढणारं यंत्र), भिंतीपासून चार बोटं लांब ठेवलेली कपाटं आणि आर्द्रता ६० टक्क्यांच्या खाली ठेवण्याची शिस्त एवढं पुरतं. नव्या तळघरात पहिलं वर्षभर काँक्रीट स्वतःचंही पाणी सोडत असतं. त्या काळात लाकडी फर्निचर आणि वॉलपेपर लावू नका.

१२. खाली पाहुण्यांसाठी झोपायची खोली केली तर चालेल?

स्थानिक नियमांना चालत असेल आणि दोन गोष्टी होणार असतील, तर. एक, जिन्याशिवाय बाहेर पडायची दुसरी वाट. आग लागली की धूर जिन्यातच भरतो. निदान अर्धा चौरस मीटर मोकळी उघडणारी खिडकी, जिची चौकट फरशीपासून छातीच्या वर नाही, आणि तिच्याबाहेर माणूस चढून जाईल एवढा खड्डा व शिडी. ग्रिल असेल तर आतून किल्लीशिवाय उघडणारं. धुराचा अलार्मही लावा.

दुसरी गोष्ट रॅडॉन. खडकातल्या आणि मातीतल्या युरेनियमच्या विघटनातून तयार होणारा हा किरणोत्सारी वायू रंगहीन, गंधहीन असतो आणि जमिनीलगतच्या बंद जागेत साठतो. फुफ्फुसाच्या कर्करोगाचं धूम्रपानानंतरचं हे महत्त्वाचं कारण मानलं जातं. जागतिक आरोग्य संघटनेने सुचवलेली पातळी दर घनमीटरला १०० बेक्वेरेल आहे, आणि ती जमत नसेल तर ३०० च्या वर जाऊ नये असं सांगितलं आहे. वास किंवा जुनेपणा यांवरून काहीच कळत नाही, मोजावंच लागतं, आणि तेही दोन-तीन महिने ठेवायच्या उपकरणाने. बांधतानाच राफ्टखाली खडीचा थर आणि त्यातून छतावर जाणारा एक पाइप ठेवला तर पुढे गरज पडल्यास त्याला पंखा जोडता येतो. झालेल्या राफ्टला नंतर भोक पाडायचं म्हणजे वॉटरप्रूफिंगलाच भोक.

१३. पंप ठेवला की निश्चिंत ना? आणि खाली संडास काढता येईल का?

पंप नेमका ज्या रात्री लागतो त्याच रात्री वीज जाते. म्हणून दोन पंप, दुसरा बॅटरीवर चालणारा आणि पहिल्याच्या थोडा वरच्या पातळीला सुरू होणारा. पाणी चढलं की वाजणारा भोंगा वरच्या मजल्यावर लावा, खाली वाजून उपयोग नाही. महिन्यातून एकदा खड्ड्यात बादलीभर पाणी ओतून तरंगता स्विच हलतो का बघा. पंपाचं पाणी भिंतीपासून लांब सोडा, नाहीतर तेच पाणी फिरून परत येतं.

संडास काढता येतो, पण मैलापाण्याची बाहेरची लाइन बहुतेक वेळा तळघराच्या फरशीच्या वर असते. मग मैला वर चढवणारा वेगळा पंप आणि उलटं पाणी अडवणारा व्हॉल्व्ह लागतो. व्हॉल्व्ह नसेल आणि रस्त्यावरची लाइन तुंबली तर ती तुमच्या सर्वांत खालच्या भांड्यातून वर येते. ज्यांच्याकडे एकदा असं झालं त्यांना मला काही समजवावं लागलेलं नाही.

१४. खाली गाड्या ठेवायच्या आहेत. रॅम्पचं काय?

आठ फूट जायला एक फूट उतार हा सोयीचा. नऊ फूट खाली जायचं तर बहात्तर फूट लांबी लागते, ती प्लॉटवर आहे का ते आधी मोजा. लोक ही मोजणी शेवटी करतात आणि मग गाडीचं पोट घासणारा रॅम्प बांधतात. रस्त्यावरून आत येताना पाच-सहा इंचांचा उंचवटा करूनच रॅम्प सुरू करा, म्हणजे रस्त्यावरचं पाणी आत घसरत नाही. उघड्या रॅम्पवर पडणारा पाऊस मात्र आत येणारच, त्यासाठी रॅम्पच्या पायथ्याशी जाळीची आडवी गटार हवी.

१५. गॅस सिलिंडर, जनरेटर, इन्व्हर्टर खाली ठेवले तर वर जागा वाचेल.

सिलिंडर अजिबात नको. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, गळला तर तळघरात साचून राहतो आणि एका ठिणगीची वाट बघतो. जनरेटर तर त्याहून नको, त्यातला कार्बन मोनॉक्साइड कळायच्या आत जीव घेतो. इन्व्हर्टरच्या लेड-ॲसिड बॅटऱ्या चार्ज होताना हायड्रोजन सोडतात, तेव्हा त्याही हवेशीर जागीच. विजेचा मुख्य बोर्ड वरच्या मजल्यावर ठेवा. पाणी भरलेल्या तळघरात उतरून मेन स्विच बंद करायची वेळ कुणावरही येऊ नये.

१६. शेजारचं घर आमच्या हद्दीला चिकटून आहे. तरी खोदता येईल?

त्यांच्या पायाच्या तळापासून तुमच्या बाजूला पंचेचाळीस अंशांत खाली जाणारी रेघ काढा. तुमचा खड्डा त्या रेघेच्या खाली जात असेल तर तुम्ही त्यांच्या घराखालची माती सोडवताय. मग बाजू अडवायला आधी पाइल्स (जमिनीत खोल घातलेले खांब) किंवा त्यांच्या पायाला टप्प्याटप्प्याने खालून आधार, आणि हे काम ज्याने पूर्वी केलं आहे त्यालाच द्यायचं. जोरात उपसा केला तर त्यांच्या जमिनीतलंही पाणी उतरतं आणि घर खचू शकतं. सुरू करण्याआधी त्यांच्या भिंतींचे तारखेसह फोटो त्यांच्यासमोर काढा, दोघांनी सह्या करा. आधीच्या चिराही तुमच्याच नावावर पडतात.

१७. पैसे कमी आहेत. अर्ध्याच घराखाली तळघर काढलं तर?

अर्धं खोदून अर्धा खर्च होत नाही. भिंतींची लांबी फारशी कमी होत नाही, आणि घराचा एक भाग दहा फूट खाली तर दुसरा वरच्या मातीवर बसतो. दोन्ही सारखे खचले नाहीत की जोडावर चीर पडते. तळघरालगतचा वरचा पाया भरावावर तर येत नाही ना, हेही बघावं लागतं. करायचंच तर दोन भागांत स्पष्ट सांधा किंवा उथळ भागाचे पाये टप्प्याटप्प्याने खाली नेणं, आणि डिझाइन दोन्ही भागांचं एकाच इंजिनिअरकडून.

१८. आता नुसतं घर बांधू, तळघर पुढे सवडीने काढू. जमेल का?

तांत्रिकदृष्ट्या जमतं, खिशाला जमत नाही. उभ्या घराचा भार तात्पुरत्या आधारांवर घेऊन त्याखालून हाताने माती काढावी लागते. तळघर हा बांधण्याआधी एकदाच घ्यायचा निर्णय आहे. शंका असेल तर न काढणं बरं.

१९. खोदाई झाली आणि पाणी लागलं. परवानगी, नकाशा, पैसे सगळं अडकलंय. आता थांबावं का?

दोन-तीन दिवस थांबा, आणि त्या दिवसांत मोजा. खड्ड्याच्या कोपऱ्यात एक छोटा खड्डा करून त्यात पंप टाका, किती तासांत किती पाणी भरतं ते लिहा. पाऊस थांबल्यावर आवक आटली तर ते वरून उतरलेलं पाणी आहे, प्रश्न ४ मधले उपाय पुरतील. पाऊस नसताना रात्रंदिवस सारखंच येत राहिलं तर तुम्ही भूजलात उतरला आहात. मग पर्याय उरतात ते असे: प्रश्न ८ मधले दोन प्रकार एकत्र करून आणि प्रश्न ९ चा हिशोब नव्याने मांडून पुढे जा. किंवा तळ उचलून अर्धं तळघर करा, चार फूट चांगल्या मुरुमाने थरांत दाबून भरा आणि इंजिनिअरकडून पाया पुन्हा तपासून घ्या. किंवा पूर्ण बुजवा.

लोकांना दुसरा पर्याय हरल्यासारखा वाटतो. मी तो तीनदा सुचवला आहे आणि दोघांनी मानला. तिसऱ्यांचा फोन अजूनही पावसाळ्यात येतो.